तीन वाजता

मी काच फुंकतो. संस्थेच्या वर्कशॉपात, एकतीस वर्षं.
हुद्द्याचं नाव लांबलचक आहे,
कँटीनमध्ये मला काचवालाच म्हणतात.

मेसेरेतला हवी होती अंगठ्याएवढी कुपी,
आत रुबिडियमची वाफ, दुसरं काही नाही,
हवासुद्धा नाही.
तीत ती सेकंद मोजणार होती,
चहाला उकळी यायची वाट बघतो तो आपला नव्हे,
अणूचा.

तोवर बँकेनं तिला तीनदा परत पाठवलं होतं.
आडनावाचा रकाना रिकामा.
तिच्याकडे आडनाव नसतंच:
स्वतःचं नाव, मग बापाचं, मग बापाच्या बापाचं,
असं मागे मागे, आठवेल तिथवर.
काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, सिस्टीम घेत नाही,
टिंब टाकून बघा.
सिस्टीमनं टिंबही घेतलं नाही.
शेवटी बाप गेला आडनावात,
आणि सगळे तिला हाक मारू लागले मिस अयेले,
म्हणजे झिवाय गावात शाळेची घंटा देणाऱ्या
एका म्हाताऱ्याला.

मी म्हटलं, माझं बघ. दिगंबर, मग वडील यशवंत,
मग पेडणेकर: कुणी खापरपणज्यानं सोडलेलं गाव.
ती म्हणाली, म्हणजे तुम्ही जुना पत्ता
अंगात घालून फिरता.

सिमला पत्ता लागतो, पत्त्याला भाडेकरार,
भाडेकराराला पोलिसांचा कागद,
पोलिसांच्या कागदाला ओटीपी, ओटीपीला सिम.
अब्जांशापर्यंत वेळ मोजणारी बाई
देवनारच्या नाक्यावर कोथिंबिरीची जुडी धरून उभी,
समोर क्यूआरचा चौकोन, हातात पाचशेची नोट,
सुटे नाहीत.
भाजीवाल्या रामनयननं वहीत लिहिलं:
घडीवाली, पंधरा रुपये.
त्याच्या वहीला आडनाव लागलं नाही.

माहुलच्या जेट्टीवर तिला रोहित पक्षी दाखवायला नेलं.
हे आमच्याकडे आहेत, म्हणाली,
आणि रिफायनरीच्या चिमणीवरची ज्योत बघत राहिली.
खरं सांगायचं तर मीही तीच बघत होतो.
पिवळी जळत होती. ऑक्सिजन कमी.

कुपी फुंकताना माझा श्वास आत जातो.
मग पंप लावून, भट्टीत शेकून,
दोन दिवस तो बाहेर काढतात.
तिसऱ्या दिवशी ती आलेख घेऊन आली:
तुमचा श्वास चिवट आहे, अजून थोडा उरलाय.
तंबाखू सोडून बारा वर्षं झाली,
तरी मला वाटलं, हिला दिसली.

जेवताना एकदा सांगत होती,
आमच्याकडे दिवस उजाडला की घड्याळ सुरू.
तुमचे सात म्हणजे आमचा एक.
मी म्हटलं, लग्न लावताना आमचे गुरुजीही
उगवतीपासूनच घटका मोजायचे,
पाण्यात वाटी बुडेपर्यंत.
वाटीचं भोक केवढं? तिनं लगेच विचारलं.
मला कुठे माहीत.

मग एका शुक्रवारी: उद्या तीनला घरी या, कॉफी.
रात्रभर मी हिशेब केला. तिचे तीन, म्हणजे आपले नऊ.
दाढी केली, पाव किलो चिक्की घेतली,
नऊच्या ठोक्याला बेल.

दार उघडलं. डोक्याला टॉवेल, फरशी ओली,
हातात पोछा.
मी तुमचे तीन म्हटले होते.
मी तुझे धरले.
थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही,
मग ती इतकी हसली की टॉवेल सुटला.

कॉफीच्या बिया अजून हिरव्याच होत्या.
तव्यावर तडतडल्या, धूर झाला,
तिनं तवा उचलून माझ्या नाकाखाली फिरवला,
पाहुण्यानं धूर घ्यायचा असतो.
मी घेतला, छाती भरून.

खालून सोसायटीचे सेक्रेटरी वझिरानी धावत आले,
काय जळतंय, वायरिंग का?
त्यांच्याही नाकाखाली तवा.
तीन वेळा उकळायची, तीन वेळा प्यायची, अशी रीत.
तिसरा कप संपला तेव्हा बारा वाजले होते,
तिचे सहा,
आणि वझिरानी भांड्यात डोकावून विचारत होते,
अजून आहे का थोडी.